हायड्रोजनच्या खोलीतली सोबत

कुरुळी फाट्याच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून जरा आत, धातूंची तपासणी करणारी एक लॅब आहे. तिच्या मुख्य इमारतीपासून लांब, कंपाउंडच्या पार टोकाला, एक सुटी खोली बांधून घेतली तेव्हा कामगार तिला 'काळं पाणी' म्हणायला लागले. खोलीच्या छताला मुद्दाम उघडी फट ठेवली होती, कारण हायड्रोजन हलका. गळालाच तर साठून न राहता वर निघून जावा. आत मोबाइल न्यायचा नाही, लोखंडावर लोखंड आपटायचं नाही. शेजारी काचेची छोटी केबिन. यंत्र चालू असेपर्यंत कुणीतरी त्या केबिनमध्ये बसून पडद्यावरची रेघ बघत राहायचं.

कोण बसणार, असं पूनम मॅडमनी विचारलं तेव्हा सगळे चहाच्या कपात बघायला लागले. पूनम मॅडम धातुशास्त्र शिकलेल्या, लॅबच्या प्रमुख. त्या कुणावर जबरदस्ती करत नसत.

"मी बसते," यास्मिन शिकलगार म्हणाली.

कुणालाच नवल वाटलं नाही. यास्मिन पन्नाशीला आलेली. तिचा नवरा युनूस भोसरीत कटर आणि ड्रिलना धार लावून द्यायचा, त्याचं दुकान चांगलं चालायचं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. मुलगी जास्मिन लग्न होऊन मस्कतला. दिघीच्या दोन खोल्यांमध्ये यास्मिन एकटीच. मागच्या खिडकीतून लष्कराची मोकळी टेकडी दिसायची. तिथे माणूस फिरकत नसे. लॅबमध्ये ती पंधरा-वीस वर्षं होती. आधी नमुने पुसून डब्यात भरायची, मग हळूहळू यंत्रांवर आली. कमी बोलायची. घरी तर बोलायला कुणी नव्हतंच, त्यामुळे कधी कधी सोमवारी सकाळी पहिलं वाक्य बोलताना तिचा स्वतःचा आवाज तिलाच घोगरा वाटायचा.

त्या हिवाळ्यात लॅबकडे मोठं काम आलं. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून जाणारी गॅसची एक जुनी पाइपलाइन होती. त्यातून आता नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळून पाठवायचा बेत होता. पाइप तीच, जमिनीत पुरलेली, जुन्या वेल्डांनी जोडलेली. हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, त्याचा चिवटपणा कमी करतो, आणि थंडीतही स्टील ठिसूळ होतं. ही दोन्ही संकटं एकदम आली तर पाइपला तडा जाईल का, एवढंच बघायचं होतं. पाइपचे कापून आणलेले तुकडे ट्रकमधून उतरले आणि त्यांच्यापाठोपाठ मोटारसायकलवरून सोपानराव बोराटे आले.

सोपानराव त्रयस्थ निरीक्षक. म्हणजे लॅबचेही नाहीत आणि पाइपवाल्या कंपनीचेही नाहीत; चाचणी डोळ्यांदेखत झाली, असं सांगून सही करणारा माणूस. मोशीचे. जुनं शेतकरी घराणं, पण सोपानरावांची हयात फोर्जिंगच्या कारखान्यात घणाच्या आवाजात गेलेली. त्यामुळे ते मोठ्यानं बोलायचे.

"रामराम बाई. सोपान बोराटे. तुमी करनार का टेस्ट?"

"हो साहेब."

"साहेब न्हाई म्हनायचं. साहेब लोकं एसी मोटारीतून येत्यात."

सुरुवात हातोड्याच्या चाचणीनं झाली. ही मुख्य इमारतीतच व्हायची. बोटाएवढ्या लांब तुकड्याला मध्ये खाच पाडायची, तुकडा थंड द्रवात बुडवून ठेवायचा, मग चिमट्यानं उचलून झटकन यंत्रावर ठेवायचा आणि वरून लोलकासारखा जड हातोडा सोडायचा. तुकडा मोडायला जेवढी जास्त ताकद लागेल तेवढं स्टील चिवट. यास्मिनचा हात या कामाला बसलेला होता. साधे तुकडे मोडले, गारठवलेले मोडले. गारठ्यानं आकडा खाली आला, पण चालण्यासारखा होता. मग हायड्रोजनमध्ये मुरवून ठेवलेले तुकडे मोडले. त्यांचा आकडा जवळपास तेवढाच आला.

सोपानराव खूश झाले. "बघा! म्हनलं न्हाई? ज्याला घण तोडत न्हाई त्याला हवा काय तोडनार? जुनं स्टील हाय राव, आताच्यासारखं न्हाई."

पूनम मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोपानराव, हातोडा फार घाईत असतो. हायड्रोजनला वेळ लागतो. तडा जिथे सुरू होतो त्या टोकाशी तो हळूहळू सरकत जातो, तिथे गोळा होतो. हातोड्यानं एका क्षणात मोडलं तर त्याला काही करायला सवडच मिळत नाही. म्हणून आता हायड्रोजन भरलेल्या भांड्यात तुकडा ठेवून सावकाश ओढायचा. अगदी सावकाश."

"म्हंजे किती येळ?"

"एकेका तुकड्याला दिवस दिवस लागेल. आणि तुम्हाला बसावं लागेल."

सोपानरावांनी यास्मिनकडे बघितलं. "ह्या बसनार?"

"मी बसणार," यास्मिन म्हणाली.

"मग मी बी बसतो. घरी तरी काय करायचंय?"

अशी ती दोघं त्या काचेच्या केबिनमध्ये बसायला लागली. पलीकडे जाड भिंतींचं पोलादी भांडं, त्यात दाबाखाली भरलेला हायड्रोजन, भोवती गार द्रव फिरवणाऱ्या नळ्या, आणि आत एक तुकडा, ज्याला आधीच केसासारखी बारीक चीर पाडलेली. यंत्र इतकं हळू ओढायचं की पडद्यावरची रेघ थांबली आहे असंच वाटायचं. जेवून येऊन बघावं तर नखभर पुढे सरकलेली.

पहिले दोन दिवस सोपानराव पेपर वाचत बसले. मग पेपर संपला आणि ते बोलायला लागले. फोर्जिंगमधला लालभडक लोखंडाचा गोळा, संपातले दिवस, मोशीत बंगले उठायच्या आधी तिथे कांदा कसा यायचा. आणि बोलण्यात दर थोड्या वेळानं शालनबाई यायच्या. शालनबाई म्हणजे त्यांची बायको.

"आमची शालन म्हनती, तुमी रिटायर झाला पन तुमचा आवाज न्हाई झाला."

यास्मिनला हसू आलं. कितीतरी दिवसांनी ते असं नकळत आलं होतं.

"शालन लई तिखट. लग्नात उखाना घेताना माझ्या थोरल्या भावालाच कोपरखळी मारली तिनं. समदा मांडव हसला."

"आज भाजी त्यांनी केलीय?"

"व्हय. मेथी. घ्या की."

यास्मिननं घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं भरली वांगी करून आणली. युनूस गेल्यापासून ती एकदाच खिचडी टाकायची आणि दोन्ही वेळा तीच खायची. आता ती पहाटे उठून शेंगदाणे भाजायला लागली, कोथिंबीर निवडायला लागली. दिघीच्या भाजीवाल्यानं विचारलंही, "काय ताई, पाहुणे आलेत का?"

"हो," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन घाईनं निघून आली.

पाइपच्या मूळ अंगाचे तुकडे आधी झाले. साध्या हवेत ते जेवढे टिकायचे त्याच्या जेमतेम निम्मे हायड्रोजनमध्ये टिकले. सोपानराव गंभीर झाले. पण निम्मं म्हटलं तरी ते मर्यादेच्या वर होतं. मग वेल्डलगतचा तुकडा चढवला. वेल्ड करताना शेजारचं स्टील तापून निवतं आणि तिथला पोतच बदलतो, म्हणून धोका तिथे जास्त. तापमान शून्याच्या थोडं खाली ठेवलं, त्या भागातल्या हिवाळ्यासारखं.

दुपारी सोपानराव कुठल्याशा जत्रेतल्या कुस्तीची गोष्ट सांगत होते आणि यास्मिन त्यांच्याकडे बघत होती. पुन्हा पडद्याकडे वळली तेव्हा रेघ वाकलेली होती.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज काहीच झाला नाही. रेघ थोडी वर चढली, मग खाली यायला लागली. आत तडा पुढे सरकत होता, अपेक्षेपेक्षा फार लवकर.

सगळे नियम पाळून, वायू बाहेर काढून, भांडं उघडायला बराच वेळ लागला. तुकडा पुरता मोडून बघितला तर मोडलेला भाग चपटा आणि चकचकीत होता. चिवट स्टील मोडताना ताणलं जातं, त्याचा पृष्ठभाग करडा, खरबरीत दिसतो. इथे तसं काही नव्हतं. साखरेचा खडा फोडावा तशी चमक होती. सोपानरावांनी तुकडा हातात घेऊन उजेडात फिरवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"मी चुकलो बाई. असलं मी कदी बघितलं न्हाई."

पाइपवाल्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. तुकडाच खराब असेल, म्हणाले. पुन्हा करा. पूनम मॅडमनी ते मान्य केलं. एका तुकड्यावर निकाल देणं त्यांनाही पटत नव्हतं. तेच वेल्ड, नवे तुकडे. एक त्याच तापमानाला आणि एक त्याहून बराच गार.

यास्मिनला आनंद झाला.

बसमध्ये बसल्यावर तिला तो आनंद कळला आणि ती शरमली. ज्या पाइपवरून माणसं चालणार, ज्याच्या शेजारी गावं असणार, ती पाइप वाईट निघाली म्हणून काम लांबलं, आणि आपल्याला बरं वाटतंय? तिनं मनातल्या मनात तौबा केली. तरीही घरी गेल्यावर तिनं हरभरे भिजत घातले.

पुन्हा केलेला तुकडाही लवकरच फुटला. जास्त गार केलेला तुकडा मात्र किंचित अधिक टिकला, आणि सोपानराव बुचकळ्यात पडले. "थंडी वाढली तर जास्त बिघडाया पायजे की?"

पूनम मॅडम म्हणाल्या, "थंडी वाढली की हायड्रोजनही गारठतो, त्याला सरकता येत नाही. त्याचा त्रास कमी होतो. पण तोवर स्टील थंडीनंच ठिसूळ व्हायला लागलेलं असतं. खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. तिथे हायड्रोजनही हिंडतोय आणि स्टीलही कच खातंय. आणि त्या लाइनचे कितीतरी महिने नेमके त्याच पट्ट्यात जातात."

कंपनीच्या साहेबांनी सोपानरावांनाही फोन केला. सोपानराव केबिनबाहेर गेले, पण त्यांचा आवाज काचेतून आत येत होता. "न्हाई साहेब. मी सोता बघितलंय. बाईंनी काडीची चूक केली न्हाई. हातोड्याचं आकडं तेवढंच कसं पाठवनार? अर्धं सांगायचं म्हंजे खोटंच की." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, दुसरा मानूस लावा. पन बघितलंय ते मी बघितलंच."

आत येऊन त्यांनी डबा उघडला. "खावा बाई. लसनाची चटनी हाय."

काम संपलं त्या दिवशी निरोप असा झालाच नाही. सोपानरावांनी मोटारसायकलला किक मारली, हात वर केला आणि नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांमध्ये दिसेनासे झाले. यास्मिन केबिनमध्ये परत गेली. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचे तुकडे लागले होते आणि त्यांना निरीक्षक नव्हता. ती एकटीच रेघ बघत बसली. डब्यात खिचडी होती. आधी एकटेपणा तिच्या अंगवळणी पडला होता, टाचेला पडलेल्या घट्ट्यासारखा. चालताना जाणवायचा नाही. मधल्या दिवसांत तो घट्टा सोलून निघाला होता आणि आता प्रत्येक दुपार टोचायची.

काही आठवडे गेले. पक्क्या अहवालावर सोपानरावांची सही राहिली होती आणि ते फोन उचलत नव्हते. पूनम मॅडम म्हणाल्या, "यास्मिनताई, मोशी तुमच्या वाटेवरच आहे. जरा जाऊन येता?"

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. तीनमजली घर, खाली गाळे, मध्ये बोराटे, वर भाडेकरू. दार सुनेनं उघडलं. घरात माणसं पुष्कळ होती, टीव्ही मोठ्यानं चालू होता. सुनेनं पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

आत पलंगावर एक बाई बसली होती. केस नीट विंचरलेले, नजर भिंतीवर. सोपानराव तिच्या समोर स्टुलावर बसून वाटीतला भात तिला भरवत होते. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की यास्मिनला आधी वाटलं, दुसराच कुणी बोलतोय.

"शालन, एक घास. एवढा एकच."

बाईंनी तोंड फिरवलं. "तुमी कोन? माझं मालक कुटं गेल्यात?"

"येतीलच. तंवर तू जेव."

यास्मिन दारातच थांबली. सोपानरावांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं.

"लई दिस झालं असं," ते म्हणाले. "आता वाढलंय. मदी पडली, म्हनून फोनकडं बघायला झालं न्हाई."

"पण तुम्ही तर सांगायचात..." यास्मिन बोलली आणि थांबली. मेथी, लसणाची चटणी, आवाज रिटायर झाला नाही म्हणणारी शालन.

"ती म्हनलेलीच की समदं. कवातरी. डबा तेवढा सुनंचा." त्यांनी वाटी खाली ठेवली. "घरात कुनाला सांगू? पोरं म्हनत्यात, बाबा, तेच तेच काय काढता. तुमी ऐकत व्हता म्हनून मी बोलत ऱ्हायलो."

एवढ्यात शालनबाईंची नजर यास्मिनवर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "कस्तुरा! आगं, आलीस व्हय? किती वाट बघायची मानसानं!"

"धाकटी भन तिची," सोपानराव पुटपुटले. "कवाच गेली."

यास्मिन पुढे झाली. शालनबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. सासूबद्दल, विहिरीबद्दल, कुणाच्यातरी बारशाबद्दल त्या बोलत राहिल्या. यास्मिन 'हो' म्हणत राहिली. सोपानरावांनी वाटी तिच्या हातात दिली आणि तिच्या हातून शालनबाईंनी सगळा भात खाल्ला. सोपानरावांनी अहवालावर सही केली. बाहेर टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

त्यानंतर काही रविवार यास्मिन मोशीला गेली. कस्तुरा होऊन बसायची, भरवायची, केसांना तेल लावायची. सून चहा द्यायची, कपबशी नेहमी वेगळी असायची, आणि यास्मिन ते बघून न बघितल्यासारखं करायची. सोपानरावांच्या ते लक्षात आलं तेव्हा ते उठून गेले आणि स्वतःच्या पेल्यात तिच्यासाठी चहा घेऊन आले.

उन्हाळ्याच्या तोंडावर पूनम मॅडमनी बातमी सांगितली. डोंगरातल्या त्या टप्प्यातले जुने वेल्ड कापून तिथे नवी पाइप टाकायचं ठरलं होतं, आणि ते होईपर्यंत त्या लाइनमध्ये हायड्रोजन सोडणार नव्हते. यास्मिनला ही बातमी कधी एकदा सोपानरावांना सांगते असं झालं. रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर गेली.

शालनबाई पडून होत्या. यास्मिननं हात पुढे केला तशा त्या अंग चोरून भिंतीकडे सरकल्या. "ही कोन बाई? हिला कुनी आत घेतली? जा म्हनावं."

"शालन, ही कस्तुरा..."

"कस्तुरा मेली," शालनबाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "मला म्हाईत न्हाई व्हय?" आणि त्या रडायला लागल्या, जणू बहीण आजच गेली होती.

यास्मिन बाहेर आली. सोपानराव तिच्यामागून चपला अडकवत आले. दोघं स्टॉपपर्यंत चालत आली. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या खोळंबल्या होत्या. तिनं पाइपची बातमी तिथेच सांगितली.

"बरं झालं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "लई बरं झालं." त्यांचं लक्ष घराकडेच होतं.

"मी आता येत नाही," यास्मिन म्हणाली. "मला बघून त्यांना त्रास होतो."

सोपानरावांनी मान डोलवली. बस आली. माणसं चढायला लागली तेव्हा ते तिच्या जवळ वाकून, पण फोर्जिंगमधल्या त्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तिच्यासाठी येऊ नका. कवातरी माझ्यासाठी या. मी पन मानूसच हाय की बाई."

दोन-तीन लोकांनी वळून बघितलं. यास्मिनचा चेहरा तापला. ती बसमध्ये चढली. आत जागा नव्हती. दांडी धरून ती मागे बघायला वळली, पण मधे इतकी माणसं होती की सोपानराव अजून उभे आहेत की गेले, ते तिला दिसलं नाही.

पुढच्या रविवारी ती तयार होऊन बसली आणि गेली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेली. सोपानराव खाली गाळ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी दुसरी खुर्ची मागवली. अर्धा तास दोघं रस्त्याकडे तोंड करून बसली; ते दोनदा वर जाऊन शालनबाईंना बघून आले. दिघीला परतल्यावर कुलूप काढताना तिच्या लक्षात आलं की आज त्यांनी शालनबाईंची एकही गोष्ट सांगितली नव्हती. दार ढकलून ती आत गेली आणि दिवा लावला.